जुनी जीप घरी नव्यानं उभी करताय? पैसा आधी ब्रेकवर लावा, टायरवर नंतर

बीड : पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यात आजही कित्येक वाड्यावस्त्यांवर जुनी जीप उभी दिसते. कुणाची एमएम ५४०, कुणाची कमांडर, कुणाची मेजर, कुणाची ट्रॅक्स. त्यातल्या काही एकेकाळी काळीपिवळी म्हणून तालुक्याला माणसं वाहत होत्या, नंतर शेतावर आल्या. खताची पोती, कडब्याच्या पेंढ्या, दुधाचे कॅन, आठवडी बाजार, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळं तिच्यावरच. आता हीच गाडी गावातली तरणी पोरं घरच्या घरी नव्यानं उभी करायला लागलीत. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, भंगारातून सामान आणायचं, गावच्या वेल्डिंगवाल्याला धरायचं आणि दोन-चार महिन्यांत थारला लाजवील अशी गाडी दारात उभी करायची.

यात वाईट काही नाही. नवी फोर बाय फोर गाडी घ्यायची तर दहा लाखांच्या पुढचा विषय आहे. त्यापेक्षा कितीतरी कमी पैशात जुनी गाडी चांगली पंधरा वर्षं चालू शकते. घोळ होतो तो क्रमात. आधी मोठी टायरं येतात, मग लोखंडी बंपर, मग लाईटची पट्टी, मग रंग आणि नंबर प्लेटवर नाव. ब्रेकचं काम मात्र 'पुढच्या पट्टीला बघू' म्हणून राहतं. गाडी दिसायला वाघ होते आणि थांबायला १९८५ सालचीच राहते.

ही गाडी बनली कशासाठी होती

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सैन्यासाठी जी जीप बनवली, तिचंच घराणं पुढं आपल्याकडं आलं. महिंद्रा बंधूंची कंपनी १९४५ सालची. १९४७ पासून विलीज जीप सुट्या भागांत भारतात आल्या आणि मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या. पुढं ऐंशीच्या दशकात प्यूजो कंपनीच्या डिझेल इंजिनाची एमएम ५४० आली, मग कमांडर आल्या, २००० साली बोलेरो आणि २०१० साली पहिली थार. नावं बदलत गेली तरी जुन्या गाड्यांचा सांगाडा बराचसा तोच राहिला. खाली शिडीसारखी चेसिस, पुढं-मागं सलग धुरा, पाट्यांवर बसवलेली गाडी, चारही चाकांना ड्रम ब्रेक.

हा सांगाडा दणकट आहे आणि कुठल्याही मिस्त्रीला उघडता येतो. पण तो कच्च्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगानं चालायला बनला होता. आता त्याच गाडीला चौपदरी महामार्गावर ट्रकांच्या मधून ऐंशीनं पळवायचं म्हटलं, तर पहिला सवाल वेगाचा नसून थांबण्याचा असतो.

ब्रेकचं भांडं उघडून बघा

बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑईलचं भांडं बघा. बऱ्याच जुन्या जीपांना एकच कप्पा आणि त्यातून निघणारी एकच नळी असते. ती पुढं चारही चाकांना वाटली जाते. याचा अर्थ असा, की मागच्या चाकाची नळी दगड लागून फुटली, तरी चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. पाय दाबला की तो थेट फळीला टेकतो. नंतरच्या गाड्यांना दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला. त्यात एक बाजू फुटली तरी दुसरी दोन चाकं धरतात. जुन्या जीपवर पहिला रुपया खर्च करायचा असेल तर तो इथं करावा. हे सामान बाहेरून दिसत नाही, त्यावर रील बनत नाही, म्हणूनच ते राहून जातं.

ब्रेक दाबून तसाच धरून ठेवला आणि पायाखाली पेडल हळूहळू खाली जात राहिलं, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेलेली आहेत. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर त्या चाकाचा सिलिंडर गळतोय. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन चाकांचे ब्रेक सारखे धरत नाहीत. ही तिन्ही कामं तालुक्याच्या गॅरेजात होतात आणि महागही नाहीत.

एक खोड आपल्याकडं फार आहे. ब्रेक ऑईल कमी झालं की हाताला लागेल ते तेल ओतायचं. इंजिनाचं ऑईल किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑईल ब्रेकमध्ये गेलं तर आतली रबरं फुगतात, ब्रेक चिकटतात आणि काही दिवसांत गळायला लागतात. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, गाडीच्या पुस्तकात जे सांगितलंय तेच घालावं. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं. जुनं झालं की त्यात पाणी साचतं आणि घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जातं तसं वाफ जोर पुढं नेत नाही, ती स्वतःच दबते. त्यामुळं चढावर चांगला लागणारा ब्रेक उतारावर अचानक पोकळ लागतो. दर दोन वर्षांनी सगळं जुनं तेल काढून नवं भरणं आणि नळ्यांतली हवा काढणं, एवढं केलं तरी यातला बराच धोका टळतो.

आता डिस्क ब्रेकचं. महिंद्राच्याच पुढच्या काळातल्या गाड्यांचे पुढचे डिस्क आणि बूस्टर जुन्या जीपला बसवायचं काम बरेच मिस्त्री करतात. डिस्कचा एक मोठा फायदा आपल्या भागात आहे. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी भरतं आणि पुढचे काही मिनिटं ब्रेक लागतच नाहीत. डिस्क उघडी असल्यानं लवकर सुकते. ड्रमचीच गाडी असेल तर पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक हलका दाबून धरावा, म्हणजे ड्रम तापून सुकतात.

पण बूस्टर बसवला की एक सवय मोडावी लागते. मांजरसुंब्याचा घाट असो की धारूरचा, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची, काहीजण तर इंजिनच बंद करतात. जुन्या साध्या ब्रेकमध्ये हे निदान पायाच्या जोरावर निभावायचं. बूस्टर मात्र इंजिनावर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपावर अवलंबून असतो. इंजिन बंद झालं की एक-दोन दाबांपुरती मदत शिल्लक राहते, नंतर पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टेअरिंग बसवलं असेल तर तेही जड होतं. म्हणजे ज्याच्यावर पैसा घातला, तेच उतारावर हातात राहत नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम आहे आणि तो बूस्टरवाल्या गाडीला जास्तच लागू आहे.

बूस्टर नीट चालतो का हे घरी कळतं. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चांगला. काहीच हललं नाही तर पंप, नळी किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी गेलंय.

टायर मोठा, फायदा चार सेंटिमीटरचा

टायरच्या बाबतीत थोडं गणित केलेलं बरं. बोलेरोला कंपनीतून २१५/७५ आर १५ मापाचा टायर येतो. त्याची उंची साधारण ७०३ मिलिमीटर भरते. हौशी लोक त्याजागी ३१ इंची टायर घालतात, त्याची उंची साधारण ७८७ मिलिमीटर. फरक झाला ८४ मिलिमीटरचा. पण गाडी धुऱ्यावर उभी असते आणि धुरा चाकाच्या मध्यावर असतो. त्यामुळं खालून वाढलेली जागा निम्मीच, म्हणजे जेमतेम चार सेंटिमीटर.

त्या चार सेंटिमीटरसाठी काय मोजावं लागतं? टायर १२ टक्के मोठा झाला, म्हणजे स्पीडोमीटर ५० दाखवत असताना गाडी ५६ नं पळते. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळं काटा ५० वर असताना ब्रेक मारला तरी गाडी जवळजवळ सव्वापट जागा घेते. त्यात मोठं चाक थांबवायला तेच जुने ब्रेक कमी पडतात, ते वेगळंच. इंजिनालाही जड जातं. तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी चढण दुसऱ्यात जाते आणि डिझेल वाढतं. स्टेअरिंगच्या जोडांवर, किंगपिनवर, चाकाच्या बेअरिंगवर भार येतो. रुंद रिम किंवा चाक बाहेर काढणारे स्पेसर लावले तर हा भार आणखी वाढतो. एका ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरायला लागतात आणि स्टेअरिंग हातातून हिसका मारतं, ते बहुतेक वेळा यामुळंच. तेव्हा मोठा टायर घालायच्या आधी टायरॉडचे जोड, किंगपिन आणि स्टेअरिंगमधला खेळ बघून घ्यावा. इंजिन बंद असताना स्टेअरिंग दोन-तीन बोटं फिरूनही पुढचं चाक हलत नसेल, तर त्या गाडीला नवे टायर नकोत, आधी स्टेअरिंगचं काम हवं.

आपल्या काळ्या रानात रुंद टायर चालतो हाही एक गैरसमज आहे. पावसाळ्यात काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. अशा वेळी टायरची रुंदी किती याला महत्त्व नसतं. खाचा मोकळ्या, खोल आणि स्वतः माती झटकणाऱ्या आहेत का, ते महत्त्वाचं. सैन्याच्या जुन्या जीपांना अरुंद आणि मोठ्या खाचांचे टायर असायचे ते उगाच नव्हे. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या टणक थराला टेकतो. नदीच्या वाळूत उलटं असतं. तिथं टायरातली हवा कमी केली की तो पसरतो आणि गाडी वर तरंगते. पण ट्यूबचा टायर असेल तर फार हवा कमी करू नये, टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह तुटतो. आणि डांबरी लागायच्या आधी हवा परत भरावी. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

पाटे वाढवले म्हणजे वजन वाढवता येतं असं नाही

गाडी उंच करायला दोन सोपे मार्ग वापरतात. एक म्हणजे पाट्याच्या टोकाचे शॅकल लांब करायचे, दुसरा म्हणजे पाट्यांची संख्या वाढवायची. दोन्हीत गाडी वर जाते, पण प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात. गाडीच्या वजनाचा मध्य वर सरकतो. वर लोखंडी कॅरिअर, कॅरिअरवर स्टेपनी आणि दोन माणसं, असं असलं की वळणावर किंवा बांधाच्या तिरप्या उतारावर गाडी कलंडायला फार वेळ लागत नाही.

पाटे वाढवून जास्त पोती टाकणं हा तर शेतकऱ्याचा आवडता उपाय. पाटा वजन उचलतो हे खरं. पण धुरा, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची ताकद तेवढीच राहते. गाडीचं भरलेलं वजन किती असावं ते आरसीवर लिहिलेलं असतं आणि तो आकडा पाटे मोजून ठरवलेला नसतो.

इंजिन

इंजिन बदलण्याच्या नादाला शक्यतो लागू नये. जुनं डीआय इंजिन आवाज करतं, धूर सोडतं, पण कमी फेऱ्यांवर ओढतं आणि शेतातल्या कामाला तेच लागतं. ओढ कमी झाली असेल तर आधी पंप आणि नोझल तपासा, एअर फिल्टर बघा, कॉम्प्रेशन मोजून घ्या. बिनटर्बोच्या इंजिनाला बाहेरून टर्बो लावला तर उष्णता वाढते आणि पिस्टन-रिंगा ती झेपवायला बनलेल्या नसतात.

आपल्या भागातलं खरं दुखणं रेडिएटरचं आहे. विहिरीचं, बोअरचं जड पाणी भरत राहिलं की आत क्षार धरतात, जसे चहाच्या भांड्याला धरतात. मग उन्हाळ्यात चढाला गाडी गरम होते आणि दोष इंजिनाला जातो. रेडिएटर खोलून साफ करून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी भरलं तर निम्म्या गाड्यांचं हेडचं काम टळेल.

लाईट, वायर आणि पाणी

लाईटचं गणितही छोटं आहे. शंभर वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर लावले तर जवळपास १७ अँपिअर करंट ओढतात. गाडीचे मूळ दोन हेडलाईट मिळून साधारण १० अँपिअर घेतात. जुन्या वायरीला आणि स्विचला थेट जोडून दिले की वायर तापते, वरचं प्लॅस्टिक वितळतं आणि आग लागते. वेगळी जाड वायर, रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज, एवढं केलं की हा धोका जातो. हे सामान दिव्यांपेक्षा स्वस्त आहे. आणि रस्त्यावर समोरून मोटारसायकल येत असेल तर पट्टी बंद ठेवावी, त्या माणसाला काहीच दिसत नाही.

स्नॉर्केलचंही वेड आलंय. हवा ओढायची नळी टपापर्यंत नेली की गाडी कितीही पाण्यातून जाते, असं पोरांना वाटतं. इंजिनात पाणी शिरलं तर आतला दांडा वाकतो, तेवढं स्नॉर्केल वाचवतं. वाहत्या पाण्यात गाडी तरंगते आणि ढकलली जाते, त्यावर त्याचा काही इलाज नाही. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत सिंदफणेनं आणि साध्या ओढ्यांनी काय रूप घेतलं ते जिल्ह्यानं पाहिलंय. पुलावरून पाणी वाहत असेल तर जीपवाल्यानंही थांबावं. पाण्यातून गेलेल्या गाडीचं गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं ऑईल दुसऱ्या दिवशी बघावं. ते दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय, लगेच बदलायला हवं.

दारात काम करताना

अंगणात काम करताना गाडीखाली जाऊन मरण्याचा धोका रस्त्यापेक्षा कमी नाही. काळ्या मातीवर जॅक नुसता ठेवू नये, खाली जाड फळी घ्यावी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नये. चेसिसखाली मजबूत लोखंडी स्टँड किंवा सागवानी ओंडके लावावेत, विटा नकोत. वीट एका क्षणात फुटते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, कारण एक मागचं चाक उचललं की जुन्या जीपांचा हँडब्रेक बहुतेक काहीच धरत नाही.

वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या वायरी काढाव्यात, नाहीतर अल्टरनेटर जळतो. डिझेलची टाकी रिकामी आहे म्हणून तिच्यावर वेल्डिंग करणं सगळ्यात धोक्याचं. आतली वाफ पेट घेते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना वेल्डिंग करू नये, नवीच नळी घालावी. स्टेअरिंगच्या रॉडलाही वेल्डिंग नको. तुटला तर वळणावरच तुटतो.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकामी गाडी घेऊन मोकळ्या सपाट रस्त्यावर करावी. वीसच्या वेगानं ब्रेक, मग तीस, मग चाळीस. गाडी सरळ थांबते का बघावं. शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि स्टेअरिंगचे सगळे नट पुन्हा आवळावेत. नवे पाटे बसले की यू-बोल्ट हमखास ढिले होतात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, त्यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठानं हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढं लावायच्या लोखंडी बंपरवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्यात.

आरसी बुक समोर ठेवून विचार केला की बरंच कळतं. त्यावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, सीसी, बॉडीचा प्रकार, सीट किती, रिकामं वजन, भरलेलं वजन, व्हीलबेस, रंग एवढं असतं. यातलं काही बदलणारं काम असेल तर आधी आरटीओ, मग मिस्त्री. बीडला एमएच २३ चं कार्यालय आहे आणि अंबाजोगाईला एमएच ४४ चं. इंजिन खराब होऊन त्याच जातीचं दुसरं घालायचं असेल तर त्याची परवानगी आणि नोंद होते. रंग बदलला तर त्याचीही नोंद करून घ्यावी. बंद बॉडी कापून उघडी जीप करणं, चेसिस लहान-मोठी करणं, सीट वाढवणं हे मात्र नियमात बसत नाही. झिजलेला भाग काढून तसाच नवा घालणं म्हणजे दुरुस्ती. डिस्क ब्रेकसारखं वेगळं काही बसवायचं असेल तर कामाआधी आरटीओत विचारावं आणि सामानाच्या पावत्या जपाव्यात.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार अनेकांना आठवत असतील. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. लोहारांनी भंगारातल्या सामानातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं, पण त्याचवेळी हेही लिहिलं, की ही गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या स्थानिक अधिकारी ती थांबवतील. म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. कसब कितीही मोठं असलं तरी रस्त्यावर यायला नोंदणी लागते, हे त्यात आलंच. मात्र प्रत्येकाला बोलेरो देणारा भेटत नाही.

दंडापेक्षा मोठा फटका विम्याचा असतो. जुन्या गाडीला बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. खासगी गाडीत भाड्यानं मजूर किंवा शाळेची पोरं बसवली, किंवा न नोंदवलेल्या बदलामुळं अपघात झाला असं निघालं, तर कंपनी वाद घालते. अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण जखमीला भरपाई कंपनीकडून द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. ती वसुली शेवटी शेतावर येते.

हरियाणातल्या मंडी डबवालीच्या तयार जीप मोबाईलवर पाहून मागवणारेही आहेत. काम देखणं असतं, पण पैसे देण्याआधी चेसिसवर ठोकलेला नंबर, इंजिन नंबर आणि आरसी हे तिन्ही स्वतः जुळवून बघावं. आरसी एका मॉडेलची आणि गाडी भलतीच असेल, तर ती आपल्या आरटीओत नावावर होत नाही. सैन्याच्या लिलावातली गाडी घेतानाही लिलावाचे मूळ कागद हातात असल्याशिवाय व्यवहार करू नये.

पंधरा वर्षं झाली म्हणून भंगार नाही

दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर जी बंदीची चर्चा चालते, ती दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआर भागापुरती आहे. बीडच्या खासगी गाडीला ती लागू नाही. १५ वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी तपासणीत पास झाली तर दर वेळी पाच वर्षांसाठी तिची नोंदणी वाढते. त्यासाठी फॉर्म २५ भरावा लागतो, विमा आणि पीयूसी चालू लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेटही सक्तीची आहे. चारचाकीची नूतनीकरण फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमानं २० वर्षांपुढच्या गाडीला १० हजार. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. काळीपिवळीची गाडी घरच्या वापराला घेतली असेल तर आधी परवाना परत करून ती खासगीत नोंदवून घ्यावी लागते, नाहीतर तिला दरवर्षी फिटनेस लागतं.

अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. लावलेला बंपर, जादा दिवे आणि बाहेर आलेले टायर उतरवून मूळ सामानावर गाडी तपासणीला नेणारे पुष्कळ आहेत. पास होऊन घरी आली की पुन्हा तेच चढवतात. पण अपघातानंतर पंचनामा होतो तो गाडीवर त्या दिवशी जे आहे त्याचा.